फोटोत कव्हर दाखवतात, पिना दाखवत नाहीत

मी जमवतो ती मुख्यतः मराठी इंद्रजाल कॉमिक्स, म्हणजे वेताळ, मँड्रेक आणि माझा सगळ्यात लाडका बहादूर, आणि अधूनमधून एखादी जुनी अमर चित्रकथा मिळाली तर तीही सोडत नाही. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद झालं, म्हणजे त्यातला सगळ्यात तरुण अंकसुद्धा आता पस्तिशी ओलांडून गेलाय. छापलेलं सगळं स्वस्त कागदावर, पोरांनी वाचायचं, एकमेकांना द्यायचं, चड्डीच्या खिशात गुंडाळून न्यायचं आणि शेवटी आईने रद्दीत घालायचं. आता यातून जे वाचलंय ते काय अवस्थेत असेल ते वेगळं सांगायला नको, पण विकणाऱ्यांच्या लिस्ट बघितल्या तर वाटतं की महाराष्ट्रात साठ-सत्तर सालापासून सगळी पोरं हातमोजे घालूनच कॉमिक्स वाचत होती. प्रत्येक अंकापुढे कंडिशन म्हणून 'फाईन', 'व्हीएफ', 'एनएम', आणि काही महाभाग सरळ 'मिंट' लिहितात.

ही अक्षरं अमेरिकेतनं आलीत. तिकडे १९७० पासून ओव्हरस्ट्रीट नावाच्या माणसाचं कॉमिक्सच्या किमतींचं गाईड निघतं, त्यामुळे कंडिशनची भाषा सगळ्यांची एकच झाली, आणि २००० साली सीजीसी नावाची फ्लोरिडातली कंपनी आली जी तुमच्याकडनं पैसे घेऊन कॉमिक तपासते, ०.५ ते १० मधला आकडा देते आणि प्लास्टिकच्या कडक डब्यात सील करून परत पाठवते. त्या मापात २ म्हणजे गुड, ४ म्हणजे व्हेरी गुड, ६ म्हणजे फाईन, ८ म्हणजे व्हेरी फाईन (व्हीएफ) आणि ९.४ म्हणजे नियर मिंट (एनएम), जवळजवळ नवंकोरं. म्हणजे फाईनला पोचायचं तरी कॉमिक बऱ्यापैकी सपाट, चकचकीत, कोपरे जवळपास शाबूत असं पाहिजे. आपल्याकडच्या विकणाऱ्यांनी अक्षरं उचलली, माप तिकडेच राहिलं. आपल्या इंद्रजालला असं कोणी तपासून देणारं माझ्या माहितीत इथे नाही, आणि तीनशे-चारशे रुपयांचं कॉमिक त्याच्या कितीतरी पट खर्च करून फ्लोरिडाला कोण पाठवणार? त्यामुळे विकणारा जे म्हणेल तो ग्रेड, आणि विकणाऱ्याला विकायचं असतं, हे धरूनच चालायला लागतं.

मागच्या पावसाळ्याच्या आधी मी एका बऱ्यापैकी मोठ्या ऑनलाईन विक्रेत्याकडनं बहादूरचे अंक मागवले. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही कारण असं करणारे एकटे ते नाहीत. सगळे 'फाईन ऑर बेटर' लिहिलेले. फोटो प्रत्येकाचा एकच, समोरचं कव्हर, वरनं लाईट मारलेलं, रंग अगदी खुललेले. मी ऑर्डर देण्याआधी विचारलं होतं की मागचं कव्हर आणि पिनांचे फोटो मिळतील का, तर उत्तर आलं 'सर एवढे फोटो काढायला स्टाफ नाही, पण कंडिशनची गॅरंटी आमची'. ही गॅरंटी म्हणजे नक्की काय हे बघूया म्हणून मी सगळे न घेता त्यातले थोडेच घेतले, आणि पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवला. हे आता मी कायम करतो, आमच्या घरात त्यावरनं चेष्टा होते की लग्नाचा अल्बम बघायला वेळ नाही आणि रद्दीचं शूटिंग चाललंय.

तर त्यातला एक अंक मी नीट सांगतो कारण तो शिकण्यासारखा आहे. समोरनं खरंच छान होता. हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की हा बाकीच्यांपेक्षा जरासा बुटका आहे, शेजारी दुसरा अंक ठेवला तर वरनं आणि बाजूनं दोनेक मिलिमीटर कमी. कडा एकदम सरळ, नुकत्या कापल्यासारख्या, आणि वरच्या बाजूला चित्राची चौकट कडेला टेकलेली. मग उघडला तर घडीपासून थोड्या अंतरावर ओळीने बारीक भोकं, आणि पिना होत्या त्या नव्या कोऱ्या, आजकालच्या, चंदेरी. म्हणजे काय, तर हा अंक कोणीतरी कधीतरी बाइंडिंग केलेला. आपल्याकडे ही फार मोठी पद्धत होती, वर्षभराचे अंक साठवायचे आणि बाइंडरकडे द्यायचे, तो पिना काढणार, सगळे एकावर एक ठेवून दाभणाने टोचून शिवणार आणि मग कटिंग मशीनखाली तीन बाजूंनी घासून सरळ करणार. पोरांची सोय व्हायची आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच बरेचसे अंक आज जिवंत आहेत. पण आता कोणीतरी तो गठ्ठा सोडवला, एकेक अंक सुटा केला, नव्या पिना मारल्या आणि 'फाईन' म्हणून विकला. अमेरिकेत कडा कापलेल्या कॉमिकला एक तर जांभळं लेबल लावून दुरुस्ती केलेलं म्हणून बाजूला काढतात नाहीतर ग्रेड पार खाली आणतात, इथे उलट सरळ कडांमुळे ते जास्त फ्रेश दिसतं आणि जास्त पैसे मिळवून जातं.

मी व्हिडिओ पाठवला, भोकांचे फोटो पाठवले. आधी ते म्हणाले की जुन्या मालात एवढं चालायचंच, मग म्हणाले तुम्ही फार बारीक बघता, आणि शेवटी अर्धे पैसे परत दिले. वागणं तसं वाईट नव्हतं, आवाज चढवला नाही. पण 'तुम्ही फार बारीक बघता' हे ज्याच्या तोंडून येतं त्याच्याकडनं मी नंतर काही घेत नाही. अहो बारीक बघायचंच तर पैसे देतोय, नाहीतर स्कॅन केलेली पीडीएफ वाचली असती की.

याच्या बरोब्बर उलटा माणूस आपल्या पुण्याच्याच जुन्या बाजारात बसायचा. मंगळवार पेठेतला बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नळाच्या तोट्या, जुने कॅमेरे, पितळेची भांडी असल्या सगळ्या पसाऱ्यात एक काका गोणपाटावर मासिकं मांडून बसत. चांदोबा, किशोर, जुने दिवाळी अंक आणि खाली कुठेतरी चार-दोन इंद्रजाल. त्यांना व्हीएफ-बिएफ काही माहीत नव्हतं. पण तुम्ही एखादा अंक उचलला की ते लगेच म्हणणार, 'तो नका घेऊ, मधलं पान गेलंय त्याचं.' मी एकदा विचारलं, काका तुम्ही प्रत्येकाची पानं मोजता का? तर म्हणाले, 'मोजायला कशाला लागतंय, हातात घेतलं की कळतंय. आणि तुम्ही परत आलात भांडायला तर माझा रविवार जातो.' मला वाटतं कंडिशनवर विश्वास कोणाच्या ठेवायचा याचं सगळं गणित त्या शेवटच्या वाक्यात आहे, ज्याला तुम्ही परत येणार आहात हे माहीत असतं तो दोष आधी सांगतो. मधलं पान हे तर फार महत्त्वाचं, कारण दोन्ही पिनांच्या मधोमध असल्यामुळे सगळ्यात आधी तेच सुटतं आणि हरवतं, आणि गोष्ट वाचत गेलं तर मध्येच चार पानांची उडी बसते. फोटोत हे दिसायची काडीचीही शक्यता नाही.

तर आता माझी पद्धत काय झालीये ते सांगतो. ग्रेड कुठलं लिहिलंय ते मी जवळजवळ वाचतच नाही. त्याच्या खाली दोष लिहिलेत का, आणि कसे लिहिलेत, ते वाचतो. 'जुन्या मालाप्रमाणे किरकोळ डाग' असं लिहिलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच. 'मागच्या कव्हरवर खाली डाव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, आतल्या तीन पानांपर्यंत गेलाय' असं लिहिलं असेल तर त्या माणसाने अंक हातात घेऊन उघडून बघितलाय एवढं तरी नक्की. ग्रेड जास्त लावला असला तरी चालतं मग, तो मी माझा कमी करून घेतो.

असा मला एक नागपूरचा विक्रेता मिळाला, कॉमिक्स हा त्याचा मुख्य धंदा नाही, जुन्या पुस्तकांचा आहे. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी माझी नेहमीची यादी वाचून दाखवली. दोन्ही पिनांचा आतनं फोटो, मधल्या पानाचा फोटो, मागचं कव्हर, आणि एक फोटो कॉमिक खिडकीपाशी आडवं धरून, तिरपा उजेड पडेल असा. शेवटचा फोटो कशाला हे त्याला कळेना. तिरप्या उजेडात कव्हरवरच्या घड्या, दाबलेल्या रेघा, कोणीतरी वर कागद ठेवून लिहिलेलं असेल तर त्याचे वळ, टेप काढल्याच्या खुणा, सगळं उठून दिसतं जे समोरनं लाईट मारल्यावर साफ गायब होतं. तो म्हणाला, 'भाऊ, तुम्ही तर पोरगी पाहायला आल्यासारखं करून राहिले.' पण फोटो पाठवले. आणि त्यातल्या एकाखाली स्वतःहून लिहिलं होतं की याच्या पाठीला आतनं सेलोटेप आहे, फोटोत नीट येत नाही म्हणून सांगतो. तिथेच माझं काम झालं.

सेलोटेपचं एक सांगतो, बऱ्याच जणांना वाटतं की टेप म्हणजे कोणीतरी काळजी घेतली. जुन्या टेपचा डिंक पिवळा-तपकिरी होऊन कागदात उतरतो, वरचं प्लास्टिक सुकून गळून पडतं आणि डाग कायमचा राहतो. भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या लायब्ऱ्यांनी तर कहर केलाय, पाठीला टेप, कव्हरला खाकी कागद, पहिल्या पानावर शिक्का, कुठे कुठे वरनं लॅमिनेशन. शिक्का मला स्वतःला आवडतो, शनिवार पेठेतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या लायब्ररीचा गोल जांभळा शिक्का असला तर मी दहा-वीस रुपये जास्तच देईन, पण तो दोष आहे आणि लिस्टमध्ये लिहिलाच पाहिजे.

पिनांचा हट्ट मी का धरतो तेही सांगतो. पिना लोखंडी असतात, दमट हवेत गंजतात आणि तो गंज कागदात पसरतो, पिनेभोवतीचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो आणि एक दिवस पान पिनेतनं अलगद सुटून हातात येतं. मुंबई-कोकणातनं आलेल्या अंकांना हे हमखास, वर बुरशीचे ठिपके आणि तो कुबट वास. नागपूरकडचे अंक माझ्या अनुभवात उलटे, पिना स्वच्छ, वास नाही, पण कागद उन्हाळ्यांनी भाजून निघालेला. या न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे उजेडाने आणि उष्णतेने कागद पिवळा पडतो, आम्ल वाढत जातं आणि शेवटी पापडासारखा होतो. पानाचा कोपरा किंचित वाकवल्यावर मोडला तर तो अंक वाचायचा नाही, फक्त ठेवायचा. विक्रेत्याला मी सरळ विचारतो, कोपरा वाकतो का मोडतो? यावर जो गडबडतो त्याने बघितलेलं नसतं.

पार्सल घरी आल्यावर माझ्याकडे तीन गोष्टी असतात, स्टीलची पट्टी, सोनाराकडे असते तसली दहा पट दाखवणारी भिंग, आणि नोटा तपासायची निळी टॉर्च. पट्टी कापलेल्या कडांसाठी. बाकीच्या दोन कशासाठी ते एका वेताळच्या अंकाने दाखवलं. कव्हर सुंदर, पाठ मात्र जरा जास्तच ताठ. भिंगातनं आतल्या पानावर बघितलं तर छपाईचे ठिपके नेहमीसारखे, ओळीत, ठरलेल्या कोनात. कव्हरवर बघितलं तर ठिपके नव्हतेच, सगळीकडे रंगांचा बारीक फवारा. टॉर्च मारली तर कव्हरची आतली पांढरी बाजू लख्ख निळसर चमकली, आतली पानं मंद तपकिरी राहिली. आजकालच्या पांढऱ्या कागदात चमक आणायला जे रसायन घालतात ते या टॉर्चखाली पेटून उठतं, जुना न्यूजप्रिंट तसा पेटत नाही. (नुसत्या चमकण्यावर मात्र निकाल द्यायचा नाही, कव्हरचा कागद वेगळा असू शकतो, ठिपके आणि चमक दोन्ही बघायचं.) म्हणजे आतलं खरं, कव्हर घरच्या प्रिंटरवर काढलेलं. हा अंक नागपूरवाल्याकडचा नव्हता, एका ग्रुपमधल्या माणसाकडचा. त्याला विचारलं तर म्हणाला, 'मला पण असाच आला होता दादा.' असेलही. परत घेतला त्याने, पैसे दिले, पण पुढच्याच आठवड्यात तोच अंक त्याच्या लिस्टमध्ये परत, तेच 'फाईन', तोच फोटो. त्या दिवशी मी त्याचा नंबर काढून टाकला.

प्रिंट मारलेलं कव्हर वाईट असं मी म्हणत नाही. कव्हर हरवलेल्या अंकाला वाचण्यापुरतं कव्हर करून घेणं यात काही पाप नाही, मी स्वतः दोन अंकांना केलंय. फक्त विकताना सांगा.

अमर चित्रकथेचं दुखणं निराळं. तिथे कंडिशन बहुतेक वेळा चांगली असते, कारण लोकांनी ती जपली, बक्षीस दिली, कपाटात ठेवली. तिथे घोळ असतो तो जुनी किती याचा. अनंत पैंनी १९६७ मध्ये ती सुरू केली आणि तेव्हापासून तेच अंक परत परत छापले गेले, त्यामुळे 'कृष्ण, नंबर ११, सुरुवातीचा अंक, व्हीएफ' असं कोणी लिहिलं तर व्हीएफ खरं असेलही पण तो कितव्या छपाईचा हे त्यात कुठेय? सोपी तपासणी म्हणजे अंकात बाकीच्या अंकांची जी यादी किंवा जाहिरात छापलेली असते तिचा फोटो मागायचा. त्या यादीत पुढचे शेकडो अंक असतील तर तो अंक त्या शेकडोनंतर छापलाय, यात वाद घालायला जागाच नाही. किंमतही बघायची, किमतीवर चिकटपट्टी असेल तर ती हळूच उचलून. गंमत म्हणजे बहुतेक विक्रेते इथे लबाडी करत नाहीत, त्यांना खरंच माहीत नसतं, आणि यादीचा फोटो मागितल्यावर ते स्वतःच 'अरेच्चा' म्हणतात.

आमच्यातल्या एका मित्राचं म्हणणं असं की एवढा ताप करण्यापेक्षा अमेरिकन कॉमिक्स घ्यावीत, डब्यात सील करून येतात, आकडा लिहिलेला असतो, विषय संपला. त्याच्याकडे तसली दोन-तीन आहेत, शोकेसमध्ये ठेवलीत. मला ते पटत नाही. एक तर डबा उघडला की ग्रेड गेला, म्हणजे वाचायचं नाही, नुसतं बघायचं. आणि २०२३ च्या शेवटी तिकडे बोभाटा झालाच की, डबे फोडून आतलं कॉमिक बदलून कमी प्रतीचं घातल्याचे प्रकार उघडकीला आले. म्हणजे तिथेही शेवटी कोणाकडनं घेतलं हाच प्रश्न येऊन उभा राहतो. तो म्हणतो हजारात एखादं. बरं बाबा.

घासाघीस करताना या सगळ्याचा उपयोग होतो, पण मी एक पथ्य पाळतो, ज्याने दोष आधी सांगितला त्याच्याशी त्याच दोषावरनं भाव पाडायचा नाही. तो दोष धरूनच त्याने किंमत लावलेली असते. त्यावरनं परत पाडायला गेलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, एवढं साधं आहे. न सांगितलेला सापडला तर मात्र बिनधास्त पाडा. नागपूरवाल्याशी माझं हे न बोलता ठरल्यासारखं झालंय. पहिल्या वेळी मी थोडेच घेतले, ते जसे सांगितले तसेच निघाले, एक तर सांगितल्यापेक्षा बरा निघाला, मग पुढच्या वेळी जास्त. पैसे आधी युपीआयने, माल स्पीड पोस्टाने, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. पुठ्ठ्याला कॉमिक टेपने चिकटवू नका हे मात्र त्याला मी दोनदा सांगितलं.

आत्ता त्याची नवीन यादी आलीये, ऐंशीच्या दशकातले बहादूर आहेत, दोन मँड्रेक आहेत, आणि वेताळचा एक बराच जुना अंक, ज्याच्यापुढे त्याने ग्रेड लिहिलेलंच नाही. फक्त लिहिलंय, 'पान पूर्ण, वरची पिन गंजली, खालची गायब, मागच्या कव्हरवर पोराने पेनाने मिशा काढल्या, ६५०.' मी म्हटलं ६००. तो म्हणाला, 'मिशांचे कमी करूनच सांगितले न भाऊ.' ६५० पाठवले.